सव्वीस वर्षांची गैरहजेरी

आम्ही दोघे गेली अठरा वर्षे नांदेडहून नायगावला जाऊन-येऊन मराठी शिकवतो. एकाच विभागात, आणि बहुधा बसच्या एकाच बाकावर बसून. जाताना आदल्या दिवशीचे भांडण पुढे चालवायचे व येताना ते अर्धवट सोडायचे, असा आमचा क्रम आहे. मर्ढेकरांपासून महागाई भत्त्यापर्यंत कोणताही विषय त्यास चालतो. कृष्णूर जवळ आले की हंगामात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, बसचा वेग मंदावतो आणि एखादा मुद्दा नीट मांडण्याइतकी उसंत मिळते. प्रस्तुत लेखन अशाच एका सकाळी सुरू झाले. त्यातला 'आम्ही' हा आदरार्थी नाही, तो खरोखरच दोघांचा आहे. आणि पुढे एका ठिकाणी तो दुभंगतो, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

त्या सकाळी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवर एक गाणे पाठवले. हा मुलगा बी. ए. ला मराठी घेऊन शिकला, आता पुण्यात एका कंपनीत रात्रपाळी करतो आणि पहाटे घरी परतताना जगभरचे संगीत ऐकतो. सोबत त्याने एवढेच लिहिले होते की, सर, हा माणूस एकेचाळीस वर्षे गायब होता. इअरफोनचे एक टोक एकाच्या कानात, दुसरे दुसऱ्याच्या. उरलेल्या दोन कानांत बसचा खडखडाट. पियानोच्या आधाराने चाललेला एक म्हातारा, किंचित घोगरा, अजिबात घाई नसलेला आवाज. इंग्रजी शब्द निम्मेच कळले. तरी कृष्णूर ते नायगाव आम्ही एकमेकांशी बोललो नाही, ही घटना आमच्या प्रवासाच्या इतिहासात नोंदवावी अशी आहे.

बिल फे हे नाव तोवर आम्ही ऐकलेले नव्हते. पाश्चात्त्य रॉक संगीताशी आमचा परिचय बेताचाच, तोही विद्यार्थ्यांनी करून दिलेला. नंतर शोध घेतला तेव्हा हकिकत समजली. लंडनचा हा गीतकार. १९७० आणि १९७१ साली त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका डेराम या कंपनीने काढल्या. त्या खपल्या नाहीत, कंपनीने करार संपवला आणि या गृहस्थाने बागकाम, फळे तोडणे, मासळीच्या दुकानात काम अशी मिळतील ती कामे करून पोट भरले. जोशुआ हेन्री नावाच्या एका अमेरिकन तरुणाला वडिलांच्या संग्रहात त्या जुन्या तबकड्या सापडल्या होत्या. त्या ऐकत तो मोठा झाला, त्याने या माणसाला गाठले आणि २०१२ साली 'लाइफ इज पीपल' हा संग्रह सिद्ध झाला. त्यानंतर २०१५ आणि २०२० मध्ये आणखी दोन. २०२५ च्या फेब्रुवारीत बिल फे वारला. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाविना, स्वतःच्या हिमतीवर गाणी करणाऱ्यांना तिकडे 'इंडी' म्हणतात. आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांचा हा संगीतातला भाऊबंद समजावा.

मुलाने संध्याकाळी प्रश्न पाठवला: सर, मराठीत असा कुणी आहे का?

आमच्या दोघांच्याही तोंडून एकाच वेळी एकच नाव निघाले. त्यानंतर लगेच एकाने शंका काढली की, अरे, पण तो गायक कुठे होता? कवी होता. आणि तेथून आमचे भांडण सुरू झाले.

अरुण कोलटकरांचा जन्म १९३२ चा, कोल्हापूरचा. 'शब्द' या अनियतकालिकाच्या काळापासून ते मराठीत लिहीत होते, इंग्रजीतही लिहीत होते, आणि जाहिरातीच्या क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. १९७६ साली इंग्रजी 'जेजुरी' आली व पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. १९७७ सालीच अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढला. त्यानंतर कवितेचे नवे पुस्तक नाही. थेट २००३-०४ मध्ये 'चिरीमिरी', 'द्रोण', 'भिजकी वही' हे मराठीत, 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र' हे इंग्रजीत, असे पाच ग्रंथ एका झपाट्यात आले. तोवर कवीला कर्करोगाने गाठले होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हा तपशील या पानाच्या वाचकांस ठाऊक आहे. आम्ही तो मांडला तो केवळ मधली सव्वीस वर्षे डोळ्यांसमोर यावीत म्हणून.

आम्ही त्या सुमारास नांदेडला एम. ए. करत होतो. आमच्या टिपणांत कोलटकर अर्ध्या पानात आटोपले होते. वर मर्ढेकर, खाली ढसाळ, आणि मधल्या जागेत 'साठोत्तरी', 'अतिवास्तववादी प्रतिमा', 'दुर्बोधता' असे तीन शब्द. परीक्षेला तेवढे पुरत असे. कवी हयात आहे, मुंबईत राहतो, दर गुरुवारी काळा घोडा भागातल्या वेसाइड इन नावाच्या उपाहारगृहात मित्रांसमवेत बसतो, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कुणाला विचारले नव्हते. आमच्या लेखी तो केव्हाच इतिहासजमा झाला होता. त्यामुळे नवी पुस्तके आली ही वार्ता आणि कवी गेला ही वार्ता, यांत आमच्यापुरते फारसे अंतर राहिले नाही. जिवंत कवीची कविता म्हणून ती पुस्तके वाचण्याची संधी आम्ही काही महिन्यांनी गमावली. याची टोचणी अद्याप आहे.

'भिजकी वही' आम्ही दोघांत मिळून एकच घेतली. पुण्याला असलेल्या एका मित्राने ती बसच्या वाहकाबरोबर पाठवली. जवळजवळ चारशे पानांचा तो ग्रंथ एक आठवडा एकाकडे, एक आठवडा दुसऱ्याकडे, असा दोन वर्षे फिरत राहिला. त्यात आजही दोन तऱ्हेच्या पेन्सिलखुणा आहेत. एक जण ओळींखाली रेघा मारतो, दुसरा समासात प्रश्नचिन्हे काढतो. (रेघा मारणाऱ्याने कविता लिहिल्या आणि प्रश्नचिन्हे काढणाऱ्याने समीक्षा, हा पुढचा भाग.)

आता गाण्यांविषयी. कोलटकर गीतकार होते, हे विधान अतिशयोक्त वाटेल, परंतु ते खरे आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली, वादक जमवले आणि १९७३ साली त्यांतली काही ध्वनिमुद्रितही केली. ती फीत बाजारात तबकडी होऊन आली नाही. गाण्यांचे शब्द पुढे 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या, २००९ साली प्रासनेच काढलेल्या संग्रहात छापले गेले. आम्हांला ते पुस्तक फार उशिरा मिळाले. ते वाचताना विलक्षण अवघडलेपण जाणवले, कारण कागदावर फक्त शब्द होते. चाल नव्हती. भिकारी, पोलीस, दारू, दारोदार फिरणारा माणूस: गाण्यांतली सृष्टी ओळखीची, काळ्या घोड्याच्या कवितांतलीच, पण वाक्य जेथे थांबायला हवे तेथे थांबत नव्हते, कारण ते सुराच्या भरवशावर सोडलेले होते. आवडत्या लेखकांविषयी विचारले असता कोलटकरांनी एकदा जी लांबलचक यादी दिली होती, तीत चक्रधर, राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आणि बहिणाबाई यांच्या जोडीने रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, बॉब डिलन, जॉन लेनन होते. आणि शेवटी लॉरेल-हार्डी. आमच्या पिढीने ती यादी कवीचा खट्याळपणा म्हणून वाचली. आता वाटते, ती अगदी सरळ मनाने दिलेली यादी होती. शाहीर आणि ब्लूज गाणारे त्यांच्या लेखी एकाच फडातले होते.

याच्या जोडीला पखवाज आहे. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाज शिकले. बळवंतबुवा नावाच्या भजनी माणसाशी त्यांची दीर्घ मैत्री होती. त्या बुवांच्या सांगण्यातला ऐवज 'चिरीमिरी'मध्ये उतरला आहे. तेव्हा मधल्या सव्वीस वर्षांकडे पाहताना 'मौन' हा शब्द वापरण्याआधी थोडे थबकावे लागते. ज्या खोलीत ठेका धरला जात होता, तिला मौनाची खोली कसे म्हणावे?

आमचे म्हणणे असे, आणि ते आम्ही वर्गातही मांडत आलो आहोत: १९७३ साली जी तबकडी निघाली नाही, तीच तीस वर्षांनी पुस्तके होऊन निघाली. १९७७ चा संग्रह आणि 'भिजकी वही' शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात प्रतिमा एकमेकींवर आदळतात, कवी वाचकाला वाटेत सोडून पुढे निघून जातो, आणि आपण मागे उरलेल्या तुकड्यांकडे पाहत राहतो. तेथे भाषा दिपवते, क्वचित घाबरवते. 'भिजकी वही'त मात्र कुणीतरी कुणाशी तरी बोलत असते. अपाला, इसिस, कासान्द्रा, कन्नगी, हिपेशिया, राबिया, लैला, नादेज्दा मांदेलश्ताम, व्हिएतनाममधल्या १९७२ च्या त्या छायाचित्रात रस्त्यावरून पळणारी किम: देश, काळ, धर्म यांची पर्वा न करता या स्त्रिया एका वहीत येऊन बसतात आणि त्यांना हाक मारली जाते, त्यांची समजूत घातली जाते, त्यांच्याशी हुज्जत घातली जाते. तेच ते शब्द फिरून येतात. ओळी आखूड, एका श्वासात मावतील एवढ्याच. एखादी गोष्ट तीनदा सांगावी लागली तर कवी ती तीनदा सांगतो आणि तिसऱ्या वेळी ती निराळी होते. ज्याला पूर्वी आम्ही 'दुर्बोध' म्हटले तो कवी येथे इतका सुगम का झाला, या प्रश्नाचे उत्तर 'वयानुसार आलेली परिपक्वता' असे देणे सोपे आहे. परिपक्वता म्हणजे काय, ते मात्र कुणी सांगत नाही. आमच्या मते ती गळ्याची आणि हाताची सवय आहे. समोर ऐकणारा बसला आहे, त्याला पुढच्या कडव्यापर्यंत आणायचे आहे, हे भान ध्रुपदाशिवाय येत नाही.

(प्रश्नचिन्हे काढणाऱ्याची येथे नोंद: ही उपपत्ती आकर्षक आहे, पण गाणी १९७३ ची आणि दुर्बोध म्हटला गेलेला संग्रह १९७७ चा, हा कालक्रम अडचणीचा आहे. रेघा मारणाऱ्याचे उत्तर: त्या संग्रहातल्या कविता पुष्कळशा आधीच्या आहेत, आणि शिकलेली गोष्ट हातात यायला वेळ लागतो. वाद शिल्लक आहे.)

हे सारे आम्हांला कळले ते ग्रंथालयात नव्हे. नायगावच्या आमच्या वर्गात मांजरम, बरबडा, कुंटूर अशा गावांची मुले असतात. त्यांच्यापुढे 'जेजुरी' काढली, म्हणजे कोलटकरांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली मराठी 'जेजुरी', की पुण्याकडच्या वर्गात जी प्रस्तावना करावी लागेल ती येथे करावी लागत नाही. खंडोबा त्यांना ठाऊक असतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, घोंगड्या, लावणीचे फड, आणि वाघ्या-मुरळी. निम्मा वर्ग लहानपणी कुणाच्या तरी खांद्यावर बसून तेथे गेलेला असतो. एका वर्षी मुलांच्या आग्रहास्तव आम्हीही गेलो. देवळाच्या वाटेवर साठीच्या पुढचा एक वाघ्या दिमडी वाजवून म्हणत होता आणि भोवतीचे लोक त्याला पुनःपुन्हा एकच गोष्ट विचारत होते: इतके दिवस कुठे होता? चौकशीअंती समजले की, तुणतुण्यावरचा त्याचा जोडीदार वारल्यापासून तो नऊ वर्षे यात्रेला आलेला नव्हता. आमच्यातल्या समीक्षकाने सवयीप्रमाणे मुलाखत आरंभिली. नऊ वर्षं गाणं बंदच होतं का, बाबा? तो म्हणाला, "बंद कशाला? रोज म्हणतच होतो की, सर. म्हशी ऐकायच्या."

मुले हसली. आम्ही मात्र तो प्रसंग विसरलो नाही. त्या वाघ्याचे न येणे लोकांच्या ध्यानात होते. नऊ वर्षे मोजून ठेवणारे लोक यात्रेत होते. कोलटकरांची सव्वीस वर्षे मराठीत कुणी मोजली? २००३ पूर्वी त्या मौनाला कुणी थोर म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. थोरपणा त्याला नंतर चिकटवण्यात आला, पुस्तके हाती आल्यावर. समजा ते आजारपण दोन वर्षे आधी आले असते आणि टेबलावरचे कागद टेबलावरच राहिले असते, तर आम्ही आज वर्गात काय शिकवले असते? एका मराठी संग्रहाचा कवी, पुढे इंग्रजीत गेला, पुढे जाहिरातीत गेला, संपला. अर्धे पान. तिकडे त्या अमेरिकन मुलाच्या बापाने जुन्या तबकड्या भंगारात काढल्या असत्या तर बिल फे हा लंडनमधला एक माळी होता. आता या दोघांकडे पाहून 'खरी कला कधी वाया जात नाही' असे म्हणणारे भेटतात. आम्ही तसे म्हणू धजत नाही. वाया गेलेली कला कुणाला दिसते?

येथे 'आम्ही' दुभंगतो.

आमच्यापैकी एकाने २००५ साली एक कवितासंग्रह काढला. स्वतःचे आणि मित्रांचे पैसे घालून, पाचशे प्रती. पंचविशीतले पुस्तक, त्यात कोलटकरांचे अनुकरण होते आणि काही ठिकाणी, दोघांच्याही मते, स्वतःचेही काही होते. दुसऱ्याने त्याचे परीक्षण लिहिले, जे मैत्रीच्या मानाने कठोर आणि कठोरपणाच्या मानाने मैत्रीचे होते. त्या पाचशेंतल्या तीनशेहून अधिक प्रती आजही नांदेडच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. २००८ नंतर त्याची एकही कविता छापून आलेली नाही.

आमच्या मराठवाड्यात विद्वान म्हणजे बोलणारा माणूस, अशी समजूत आहे. नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात ती असणे स्वाभाविक आहे. १९८२ साली ते गेले तेही व्यासपीठावरच. त्यांना ऐकलेल्या लोकांनी आम्हांला शिकवले. त्यामुळे न बोलणाऱ्या, न लिहिणाऱ्या माणसाला येथे काहीतरी कारण द्यावे लागते. कवीने ते शोधून काढले. नवा विद्यार्थी आला, कुठून तरी त्याला जुने पुस्तक मिळाले आणि त्याने विचारले की, सर, दुसरा संग्रह कधी, की उत्तर ठरलेले: "कोलटकरांनी सव्वीस वर्षं घेतली." वर्ग हसतो. गेल्या वर्षी या उत्तरात सुधारणा झाली: "अजून सहा वर्षं शिल्लक आहेत." वर्ग अधिक हसला.

दरम्यान आम्ही दोघांनी लिहिले नाही असे नाही. दरवर्षी एक तक्ता भरून द्यावा लागतो, त्यात प्रकाशनांचा रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवणे परवडत नाही. चर्चासत्रे झाली, त्यांची जाडजूड पुस्तके निघाली. आमच्या दोघांच्या नावावर मिळून एकतीस शोधनिबंध आहेत. त्यांतले पुन्हा वाचावेत असे आम्हांला स्वतःला वाटतात ते दोन. रकान्यात कविता चालते की नाही हे आम्ही एकदा विचारून घेतले होते. उत्तर असे आले की, चालेल, पण गुण कमी. हा विनोद नव्हे. तथापि कविता त्यामुळे थांबली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कोलटकरांनाही उदरनिर्वाह होता. जाहिरातीचे जग आमच्या तक्त्याहून कमी खाऊ असेल असे वाटत नाही. दूरध्वनी मात्र त्यांनी घरात येऊ दिला नाही.

बिल फेचे गाणे ऐकल्यानंतरच्या आठवड्यात, नरसीला एका लग्नाला जात असताना, कवी पुन्हा तेच म्हणाला. सव्वीस वर्षांचे. समीक्षक त्या दिवशी काय चावला होता कोण जाणे, तो म्हणाला, "तू सव्वीस वर्षं घेत नाहीयेस. तू बसमध्ये झोपतोस." मग बराच वेळ कुणी बोलले नाही. लग्नातही दोघे निराळ्या पंगतींत बसलो.

तो टोला खरा होता की नाही, याचा विचार पुढे दोघांनीही केला. अनुपस्थिती बाहेरून पाहणाऱ्याला सारखीच दिसते. जो माणूस रोज सकाळी टेबलाशी बसतो, खोडतो, पुन्हा लिहितो आणि छापायला देत नाही. आणि जो माणूस सकाळी उठून वर्तमानपत्र वाचतो. दोघांच्याही नावापुढे ग्रंथसूचीत तेवढीच कोरी जागा असते. कोलटकरांची पाने आता आपल्यापुढे आहेत म्हणून त्या जागेत काय घडत होते ते कळते. १९७७ च्या 'दुर्बोध' कवीने छापण्याची घाई केली असती, तर 'भिजकी वही' ही आणखी एका प्रतिमाप्रचुर संग्रहाच्या रूपाने १९८३ साली आली असती आणि आपण तिचेही अर्धे पान केले असते, असे समीक्षकाचे मत आहे. कवी त्यावर म्हणतो, हे मत त्याला न लिहिण्याची पुन्हा मुभा देते, तेव्हा समीक्षकाने आपली बाजू नीट ठरवावी.

समीक्षकावरही एक आरोप आहे आणि तो येथे नोंदवणे न्याय्य होईल. वीस वर्षांत त्याने आपल्या मित्राला एकदाही 'दाखव' असे म्हटले नाही. गाणे आहे की नाही हे न विचारता तो गैरहजेरी मांडत राहिला. मौनाविषयी त्याने एका चर्चासत्रात निबंध वाचला. त्याचे शीर्षक येथे देण्याची लाज वाटते. त्या निबंधात कोलटकर होते, दोन फ्रेंच तत्त्वचिंतक होते, शेजारच्या बाकावरचा माणूस नव्हता. नादेज्दा मांदेलश्ताम या बाईने नवऱ्याच्या कविता जप्त होऊ नयेत म्हणून तोंडपाठ करून ठेवल्या. तो १९३८ साली छावणीत मेला आणि त्याच्या कविता तिच्या स्मरणात पुढे कित्येक वर्षे राहिल्या. ही कथा समीक्षक दरवर्षी वर्गात डोळे ओलावून सांगतो. मित्राच्या २००५ च्या संग्रहातली एखादी कविता पाठ आहे का, असे परवा त्याला विचारले गेले. पहिली दोन कडवी आली, तिसऱ्यात तो अडखळला.

पुण्याच्या मुलाला आम्ही अखेर उत्तर पाठवले: अरुण कोलटकर, आधी 'भिजकी वही' वाच, मग 'चिरीमिरी'. त्याने विचारले, गाणी कुठे ऐकायला मिळतील? आम्ही लिहिले की आम्ही फक्त शब्द वाचले आहेत. त्यावर त्याने अंगठा पाठवला आणि पाठोपाठ लिहिले, "सर, तुमच्या त्या पुस्तकाची एखादी प्रत आहे का? माझी पूरग्रस्त झाली." मागे एका पावसाळ्यात त्याच्या खोलीत पाणी शिरले होते.

माळ्यावरची पेटी त्या निमित्ताने खाली आली. वरच्या प्रती काढताना खालून एक दोनशे पानी वही निघाली. कवी म्हणतो, ती तेथे आहे हे त्याला ठाऊक होते. समीक्षक म्हणतो, नव्हते. वहीत २००८ ते २०१६ पर्यंतच्या तारखा आहेत; काही पानांवर तीन-तीनदा खोडलेल्या चार ओळी, काही पानांवर किराण्याची यादी, मधली कैक पाने कोरी. २०१६ नंतर काही नाही. म्हणजे आरोप निम्मा खरा ठरला आणि निम्मा खोटा, यावर आमचे एकमत झाले.

सोमवारी वही पिशवीतून बसमध्ये आली. गाडी सुटल्यावर कवीने एक पान उघडून खालच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. समोरच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली, तेव्हा त्याने आवाज आणखी खाली आणला आणि ऐकू येईना म्हणून समीक्षकाने वहीच ओढून घेतली. कृष्णूरपर्यंत दोन कविता झाल्या. एकीचा शेवट कापायला हवा असे समीक्षकाचे म्हणणे पडले. कवीला ते मान्य नाही. त्याने पेन्सिल मागितली. समीक्षकाने ती दिली, पण आधी समासात एक प्रश्नचिन्ह काढून.